डोळ्यांनाही वळण लावता येतं

"मावशी, मला वाटतं मी दातांची डॉक्टर होऊ शकणार नाही."

न्यू जर्सीत राहणारी माझी भाची गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर हे म्हणाली, तेव्हा तिच्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि माझी दवाखान्यात जायची वेळ झाली होती. मुलगी अभ्यासात हुशार. जीवशास्त्र, रसायनशास्त्र दोन्ही पक्कं. तिकडच्या दंतवैद्यक प्रवेशपरीक्षेची, म्हणजे 'डॅट'ची तयारी करतेय. पण त्या परीक्षेत एक विभाग असा आहे, की त्यात पाठांतर कामाला येत नाही. घडी घातलेल्या कागदाला भोक पाडलं तर उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील? रंगवलेल्या ठोकळ्यांच्या ढिगात दोन बाजू रंगलेले ठोकळे किती? चार कोनांतला सर्वांत लहान कोणता? सराव परीक्षेत याच विभागात ती तीन वेळा आपटली होती. "माझ्याकडे तो डोळाच नाही गं," ती म्हणाली. "काही लोकांना जन्मतःच असतो. मला नाही."

तिला समजवायला मी तोंड उघडलं आणि मला माझा सुळा आठवला.

मी दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला होते. मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचं प्रात्यक्षिक असतं. मला वरचा सुळा आला होता. तीन दिवस खपून मी तो कोरला आणि सरांपुढे ठेवला. त्यांनी तो दोन बोटांत फिरवून पाहिला आणि विचारलं, "हा सुळा आहे की शेंगदाणा?" सगळा वर्ग हसला. बारावीला जीवशास्त्रात उत्तम गुण मिळवून आलेली मी त्या रात्री वसतिगृहात रडले. मलाही अगदी हेच वाटलं होतं, की माझ्याकडे तो डोळाच नाही. आणि वाईट याचं, की तो डोळा शिकून येतो, हे मला त्या वर्षी कुणीही सांगितलं नाही. "होईल सवयीनं" एवढंच सगळे म्हणायचे. झाली सवय, पण त्यात एक अख्खं वर्ष कुढण्यात गेलं.

म्हणून आजचा लेख. निमित्त अमेरिकेतल्या परीक्षेचं असलं तरी विषय आपल्याही घरातला आहे.

परीक्षेत आकृत्या कशाला?

'डॅट' ही परीक्षा अमेरिकन डेंटल असोसिएशन घेते. विज्ञान, वाचन आणि गणित या विभागांबरोबर त्यात 'परसेप्चुअल एबिलिटी टेस्ट' असते. विद्यार्थी तिला 'पॅट' म्हणतात. साठ मिनिटांत ९० प्रश्न. सहा प्रकार, प्रत्येक प्रकारचे १५. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ४० सेकंद. या विभागाचे गुण शैक्षणिक सरासरीत न मिळवता वेगळे दाखवले जातात. त्यामुळे ते कमी असले तर लपत नाहीत.

पूर्वी हीच गोष्ट हातानं तपासायचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत उमेदवाराला खडू कोरून ठरावीक मापाचा आकार काढावा लागे. कॅनडात साबणाची वडी कोरण्याची चाचणी तर एकविसाव्या शतकातही बरीच वर्षं चालू होती. नंतर खडूची जागा आकृत्यांच्या प्रश्नांनी घेतली.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी त्याला माझ्या खुर्चीशेजारी उभं करीन. वरच्या दाढेचा मागचा भाग मला थेट दिसत नाही. छोट्या आरशात बघून काम करावं लागतं, आणि आरशात पुढचं-मागचं उलटं होतं. एक्स-रे सपाट असतो, दात सपाट नसतो. वरच्या पहिल्या दाढेच्या एका मुळात अनेकदा दोन नलिका असतात आणि एक्स-रेमध्ये त्या एकावर एक येऊन एकच दिसते. दुसरी 'तिथे असणार' हे डोक्यात दिसलं नाही, तर ती तशीच राहते आणि रूट कॅनॉल करूनही पेशंटचं दुखणं थांबत नाही. कॅप बसवण्यासाठी दात घासताना समोरासमोरच्या भिंती अगदी थोड्या अंशांनी निमुळत्या ठेवाव्या लागतात. जास्त निमुळत्या झाल्या तर कॅप निघून येते, उलट्या कलल्या तर बसतच नाही. हे अंश मोजायला तोंडात कोनमापक धरता येत नाही. डोळाच कोनमापक असावा लागतो.

तेव्हा प्रश्न निरर्थक नाहीत. आता ते सोडवायचे कसे, ते पाहू. मी भाचीला जे सांगितलं तेच इथे सांगते.

सहा प्रकार, सहा युक्त्या

पहिला प्रकार भोकातून वस्तू पार करण्याचा. एका वस्तूचं चित्र असतं आणि पाच भोकं. वस्तू कोणत्या भोकातून बरोबर आरपार जाईल? आत शिरण्यापूर्वी ती कशीही फिरवता येते. एकदा शिरू लागली की वळवायची नाही. इथे बहुतेक मुलं आख्खी वस्तू मनात गरागरा फिरवत बसतात आणि दमतात. त्याऐवजी सावलीचा विचार करावा. लाइट गेल्यावर मेणबत्तीपुढे हात धरून आपण भिंतीवर हरीण करायचो, तसा. चहाचा कप घ्या. वरून सावली पाडली तर गोल आणि त्याला कान. बाजूनं पाडली तर खाली निमुळता कप आणि कान. पण कान थेट आपल्याकडे वळवून पाडली तर कान सावलीत हरवतो, नुसता कप उरतो. प्रत्येक वस्तूच्या अशा तीन मुख्य सावल्या काढायच्या: वरून, समोरून, बाजूनं. मग भोकांकडे बघायचं. जे भोक तिन्हींपैकी एकाशीही जुळत नाही ते बाद. उरलेल्यांत माप तपासायचं, कारण आकार बरोबर पण अंगानं किंचित लहान असं फसवं भोक हमखास ठेवलेलं असतं.

दुसरा प्रकार तीन दिशांच्या दृश्यांचा. वरून, समोरून आणि बाजूनं दिसणाऱ्या चित्रांपैकी दोन दिलेली असतात, तिसरं ओळखायचं. दिसणाऱ्या कडा सलग रेघेनं, लपलेल्या कडा तुटक रेघेनं. दोन पायऱ्यांचा दगडी जिना आठवा. समोरून पाहिलं तर चौकोनात एक आडवी रेघ. वरून पाहिलं तरी चौकोनात एक आडवी रेघ. दोन्ही सारखीच! जिना आहे हे फक्त बाजूनं कळतं. मागून पाहिलं तर तीच रेघ तुटक होते, कारण पायरीची कड पलीकडे लपली. इथे कल्पनाशक्ती ताणण्यापेक्षा रेघा मोजाव्यात. समोरच्या आणि वरच्या चित्राची रुंदी जुळलीच पाहिजे, समोरच्या आणि बाजूच्या चित्राची उंची जुळलीच पाहिजे, वरच्या आणि बाजूच्या चित्राची खोली जुळलीच पाहिजे. ज्या पर्यायात एखादी रेघ नको तिथे आली, तो खोडायचा. बरेच पर्याय बहुधा मोजणीतच गळतात.

तिसरा प्रकार कोनांचा. चार कोन लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमानं लावायचे. फरक काही अंशांचाच असतो. इथला चकवा म्हणजे भुजांची लांबी. लांब भुजांचा कोन मोठा वाटतो, आखूड भुजांचा लहान. म्हणून भुजांची टोकं बघायचीच नाहीत. नजर कोनाच्या टोकापाशी, जिथे दोन रेघा भेटतात तिथे ठेवायची. अर्धवट उघडलेला लॅपटॉप समजा: पडदा किती मोठा ते महत्त्वाचं नाही, किती उघडलाय ते महत्त्वाचं. चारही कोन एकदम तोलू नका. आधी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा ठरवा. तेवढ्यानंच बरेच पर्याय बाद होतात आणि उरलेली तुलना फक्त दोघांत राहते. आणि एक पथ्य: पहिल्या नजरेत जे वाटलं ते लिहून पुढे जायचं. या प्रकारात मिनिटभर टक लावून पाहिलं की चारही कोन सारखे दिसू लागतात.

चौथा प्रकार माझा सगळ्यात आवडता, घडीच्या कागदाचा. गणपतीत पताका कापलेल्या प्रत्येकाला तो येतो, फक्त आपल्याला येतो हे माहीत नसतं. चौकोनी कागद एकदा, दोनदा किंवा तीनदा दुमडतात, भोक पाडतात आणि उलगडल्यावर भोकं कुठे असतील ते विचारतात. इथे डोक्यात काही करायचंच नाही. खरडायला बोर्ड आणि पेन मिळतं. त्यावर चार बाय चारची जाळी काढायची, म्हणजे १६ घरं. भोक ज्या घरात पडलं तिथे फुली. मग शेवटची घडी सर्वांत आधी उघडायची. घडीची रेघ म्हणजे आरसा. फुलीचं प्रतिबिंब आरशापलीकडे तेवढ्याच अंतरावर. मग त्याआधीची घडी. उदाहरण घ्या. कागदाची डावी बाजू उजवीवर दुमडली, मग खालचा अर्धा भाग वर दुमडला. आता उजव्या वरच्या चौथ्या भागात कागदाचे चार थर आहेत. तिथे अगदी कोपऱ्यात भोक पाडलं तर उलगडल्यावर चारही कोपऱ्यांत भोकं. तेच भोक त्या भागाच्या आतल्या कोपऱ्यात, कागदाच्या मध्याजवळ पाडलं, तर मध्याभोवती चार भोकं. आणि तपासणी सोपी: भोकाखाली जितके थर, तितकीच भोकं. आकडा जुळला नाही तर कुठेतरी एखादी घडी उघडायची राहिली.

पाचवा प्रकार ठोकळ्यांचा. एकमेकांना चिकटवलेल्या ठोकळ्यांचा ढीग सगळीकडून रंगवला आहे, फक्त जमिनीला टेकलेली बाजू सोडून. मग विचारतात, तीन बाजू रंगलेले ठोकळे किती? दोन बाजूंचे किती? मुलं प्रत्येक प्रश्नाला सगळा ढीग नव्यानं मोजतात आणि तिथेच वेळ जातो. एकाच ढिगावर अनेक प्रश्न असतात, तेव्हा आधी तक्ता करा. एका रांगेत शून्य ते पाच आकडे. प्रत्येक ठोकळ्याकडे एकदाच बघा, त्याच्या किती बाजू रंगल्या ते ठरवा, त्या आकड्याखाली रेघ मारा. जमिनीवर ओळीनं तीन ठोकळे आणि मधल्यावर एक ठोकळा, एवढाच ढीग समजा. टोकाच्या दोघांच्या चार-चार बाजू रंगल्या. मधल्याच्या पुढची आणि मागची अशा दोनच. वरच्याच्या पाच. म्हणजे पाचाखाली एक, चाराखाली दोन, दोनाखाली एक, बेरीज चार. ठोकळेही चारच. हिशेब जुळला. किराणा दुकानदार वहीत टाचण ठेवतो तितकंच हे सोपं आहे. मात्र वरच्या ठोकळ्याला आधार देणारे लपलेले ठोकळे विसरायचे नाहीत.

सहावा प्रकार सपाट पुठ्ठा दुमडून खोका करण्याचा. मिठाईच्या दुकानातला माणूस तुमच्याशी बोलता बोलता, न बघता हे करतो. तुम्हाला बघून करायचंय. इथे सगळ्या बाजू एकदम दुमडू नका. सर्वांत वेगळी दिसणारी एक बाजू निवडा: तिरकी, खाच असलेली किंवा छटा असलेली. तिच्या शेजारी कोण, एवढंच विचारा. सपाट पुठ्ठ्यावर जी बाजू तिला चिकटून आहे, ती खोक्यातही चिकटूनच राहणार. आणि ओळीनं चार चौकोन असतील तर पहिला आणि तिसरा समोरासमोर येतात, दुसरा आणि चौथा समोरासमोर. समोरासमोरच्या दोन बाजू शेजारी दाखवणारा पर्याय तिथल्या तिथे खोडता येतो.

वेळेबद्दल थोडं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. साठ मिनिटं सहाही प्रकारांना मिळून आहेत, त्यामुळे आपल्याला हमखास येणारे प्रकार आधी उरकावेत. बहुतेकांना कागद, ठोकळे आणि कोन लवकर येतात. तिथे वाचवलेला वेळ भोकं आणि दृश्यांना द्यावा. एका प्रश्नावर मिनिटाहून जास्त अडलात तर खूण करून पुढे जा.

पण या युक्त्या पुरेशा आहेत का?

इथे माझं मत सांगते. खोडून काढण्याच्या युक्तीनं गुण वाढतात, डोळा वाढत नाही. रेघा मोजून बरोबर पर्याय सापडतो, पण वस्तू डोक्यात उभी राहिलेली नसते. परीक्षेपुरतं हे चालून जाईल. पेशंटच्या तोंडात पाच पर्याय दिलेले नसतात. म्हणून मी भाचीला म्हटलं, "युक्त्या शीक, पण पहिले दोन आठवडे कॉम्प्युटर बंद ठेव. कागद घे, कात्री घे, साखरेचे चौकोनी तुकडे घे. उत्तर आधी मनात ठरव, मग हातानं करून बघ, आणि चुकलं तर का चुकलं ते वहीत लिही." ठरव, कर, ताडून बघ. मला मेणाचा सुळा शेवटी जमला तो असाच. शेजारच्या खोलीतल्या मुलीनं मला कोरणं थांबवायला लावलं आणि तोच दात पाच बाजूंनी कागदावर काढायला लावलं. कोरणी हातात नंतर आली.

याला विज्ञानाचा आधार आहे. १९७१ मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर या संशोधकांनी लोकांना ठोकळ्यांच्या दोन आकृत्या दाखवून त्या एकच आहेत का, असं विचारलं. एक आकृती दुसरीच्या तुलनेत जितकी जास्त फिरवलेली, तितका उत्तराला जास्त वेळ, आणि तोही अगदी प्रमाणात. म्हणजे माणूस मनातल्या मनात खरोखरच वस्तू 'फिरवतो', आणि त्याला वेळ लागतो. जे काम करायला वेळ लागतो, त्या कामाचा सराव करता येतो.

सराव उपयोगी पडतो का, याचंही उत्तर आहे. २०१३ मध्ये डेव्हिड उटाल आणि सहकाऱ्यांनी अशा प्रशिक्षणावरचे २१७ अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष असा, की आकारभान शिकवल्यानं सुधारतं, ती सुधारणा टिकते आणि न शिकवलेल्या कामांतही काही प्रमाणात उतरते. अमेरिकेतल्याच मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी यांनी १९९० च्या दशकात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी असा अभ्यासक्रम सुरू केला. प्रवेशावेळच्या चाचणीत मागे पडणाऱ्यांत मुलींचं प्रमाण जास्त होतं. अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांची पुढच्या विषयांतली कामगिरी सुधारली. 'मुलींना त्रिमिती जमत नाही' हे वाक्य आपल्याकडेही सर्रास ऐकू येतं. ते म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की लहानपणी ठोकळे, स्क्रू-पाने आणि मोडकी घड्याळं तुम्ही कुणाच्या हातात दिली होती?

आणखी एक अभ्यास थेट आमच्या क्षेत्रातला आहे. मेरी हेगार्टी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. आकारभानाचा संबंध दात भरण्या-घडवण्याच्या प्रात्यक्षिकाशी दिसला, शरीररचनेच्या विषयाशी दिसला नाही. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी दाताचा छेद कसा दिसेल हे ओळखण्यात पहिल्या वर्षाच्या मुलांच्या पुढे होते. अनोळखी आकृतीत मात्र तसा फरक नव्हता. मला यातून दोन गोष्टी दिसतात. ज्या वस्तूशी रोज झटापट होते तिचा डोळा तयार होतो. आणि सुरुवातीला जो मागे आहे, त्याला सुरुवातीलाच हात द्यायला हवा. चार वर्षांनी नव्हे.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे दंतवैद्यकाला प्रवेश 'नीट'वर मिळतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र. १८० प्रश्न, ७२० गुण. हात आणि डोळा यांची कुठेही विचारपूस नाही. गंमत बघा, वास्तुविशारद होऊ इच्छिणाऱ्याची चित्रकला आणि आकारभान आपण प्रवेशपरीक्षेत तपासतो. इमारत चुकली तर ती कागदावर असतानाच सुधारता येते. दात एकदा जास्त घासला की घासला. त्याची मात्र आगाऊ चौकशी नाही.

मग 'नीट'मध्ये आकृत्यांचा चौथा विभाग टाकावा का? माझे काही समव्यवसायी 'हो' म्हणतात. माझं उत्तर 'नाही' आहे. वर दिलेल्या सहा युक्त्या पाहा. दुसऱ्याच वर्षी त्यांचे क्लास निघतील, फी लागेल आणि गावातल्या ज्या मुलीकडे क्लासला पैसे नाहीत ती इथेही मागे पडेल. शिवाय शिकवून येणारी गोष्ट चाळणी म्हणून वापरणं मला अन्यायाचं वाटतं. पोहायला शिकवण्याआधी पोहण्याची परीक्षा घेतल्यासारखं ते होईल. अमेरिकेतल्या परीक्षेबद्दलही माझी हीच तक्रार आहे: ती मोजते, पण शिकवत नाही. माझ्या भाचीसारखी मुलं मग मोजमापालाच नशीब समजून बसतात.

मला हवं आहे ते वेगळंच. पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक दंतमहाविद्यालयानं अशी एक चाचणी घ्यावी. गुणपत्रिकेत न जाणारी, फक्त कुणाला मदत हवी ते कळण्यासाठी. मागे असलेल्यांना सहा-आठ आठवडे, आठवड्यातून दोन तास कागद, माती, साबण आणि आरसा घेऊन बसवावं. आरशात बघून रेघ काढायला लावावं. दाताचं चित्र पाच बाजूंनी काढायला लावावं. याला महागडं यंत्र लागत नाही. लागतो तो एक शिक्षक, जो 'शेंगदाणा' न म्हणता 'ही कड इथे का वळली ते सांग' असं म्हणेल.

आणि त्याच्याही आधी शाळा. आपल्याकडे याची परंपरा आहे, हे आपणच विसरत चाललोय. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत आरशातली प्रतिमा, पाण्यातलं प्रतिबिंब असतंच. नवोदयच्या प्रवेशपरीक्षेत घडीच्या कागदाला पाडलेली भोकंही असतात, अगदी 'डॅट'सारखीच. राज्याच्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत घनभूमिती आहे. पण पालक तिकडे दहावीचे वाढीव गुण म्हणून बघतात, आणि आठवीनंतर 'आता चित्रकला बास, अभ्यास कर' म्हणून रंगपेटी माळ्यावर जाते. तो अभ्यासच होता, हे सांगायला कुणी नसतं.

परवा भाचीचा पुन्हा फोन आला. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. कागदाचे प्रश्न आता तिला बहुतेक सगळे येतात, ठोकळे येतात. भोकं अजून फसवतात. "पण आता कळतं तरी की मी कुठे फसले," ती म्हणाली. मला तेवढं पुरलं. गुण किती येतील ते मी सांगू शकत नाही. तिच्या टेबलावर कापलेल्या कागदांचा ढीग दिसत होता आणि 'माझ्याकडे तो डोळाच नाही' हे वाक्य त्या दिवशी तिनं एकदाही उच्चारलं नाही.

तुमच्या घरात कुणी दंतवैद्यकाला जाणार असेल, किंवा नुसतंच पाचवीत असेल, तर पुढच्या वेळी मिठाईचा रिकामा खोका फेकू नका. तो उलगडून सपाट करा, पुढ्यात ठेवा आणि विचारा, "दुमडल्यावर ही बाजू कुठे जाईल?" उत्तर चुकलं तर रागावू नका. दुमडून बघायला सांगा.